घोडे भागीचे, लगाम परक्याच्या हाती

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मान्यता दिली. त्यासाठी १६,३०० कोटी रुपयांचा खर्च शासन करणार असून सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमांकडून आणखी १८,००० कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित आहे. विजेवर चालणारी वाहने, पवनचक्क्या, दूरसंचार आणि संरक्षणसामग्री या सर्वांना लागणारे लिथियम, कोबाल्ट, निकेल व विरल मृदा खनिजे देशाला हवी आहेत. ती मिळवण्याच्या मार्गांत परदेशातील खाणी संपादन करणे हाही एक मार्ग अभियानात सांगितला आहे. उद्दिष्टाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ज्या राष्ट्राला कच्च्या मालासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, त्याचे स्वातंत्र्य तेवढ्या प्रमाणात उणेच असते.

परंतु अमुक देशातील खाणीत भारताला हिस्सा मिळाला, अशी बातमी आली की आपल्याकडे जो आनंद व्यक्त होतो, त्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. हिस्सा मिळाला म्हणजे नेमके काय मिळाले? खनिज मिळाले, की खनिजाच्या नफ्यातील वाटा? या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'भागीचे घोडे किवणाने मेले' अशी आपल्याकडे म्हण आहे. सामाईक जनावराची निगा कोणीच राखत नाही, असा तिचा अर्थ. परदेशी खाणीतील अल्पहिश्श्याची गत त्याहून वाईट असते. तेथे दाणापाण्याचा खर्च आपण द्यायचा, लगाम दुसऱ्याच्या हाती आणि घोडे ज्या रानात चरते ते रान तिसऱ्याचे!

पाच निर्णय, एकही आपला नाही

खाणीच्या व्यवसायात पाच निर्णय कळीचे असतात. किती खणायचे, कोणाला विकायचे, कोणत्या भावाने विकायचे, उत्खननाचे आणि वाहतुकीचे कंत्राट कोणाला द्यायचे, आणि उरलेल्या नफ्यातून लाभांश केव्हा व किती वाटायचा. पंचवीस-तीस टक्क्यांच्या भागीदाराला संचालक मंडळावर एखाद-दुसरी खुर्ची मिळते. त्याला हिशेब पाहता येतात, विरोधी मत नोंदवता येते. परंतु करारात विशेष अधिकार राखून ठेवले नसतील तर पाचही निर्णय बहुमताने होतात, आणि बहुमत त्याचे नसते.

बहुमताच्याही वर आणखी एक सत्ता असते. ती त्या भूमीच्या शासनाची. कारखाना प्रसंगी उचलून दुसरीकडे नेता येतो. खाण नेता येत नाही. म्हणूनच गुंतवणूक होईपर्यंत परकीय भांडवलाचे पायघड्या घालून स्वागत होते. एकदा रस्ते, यंत्रे आणि विहिरी यांत पैसा गाडला गेला की अटी बदलू लागतात. यात त्या शासनाने काही विश्वासघात केला असे समजण्याचे कारण नाही. आपल्या भूमीतील संपत्तीचा लाभ प्रथम आपल्या प्रजेला व्हावा, असे प्रत्येक राष्ट्राला वाटणारच. आपल्यालाही तसेच वाटते. चूक असेल तर ती हे न ओळखता पैसा लावणाऱ्याची आहे.

कालिमंतानचा धडा

या विषयाचा सर्वांत बोलका धडा इंडोनेशियाच्या कालिमंतान प्रदेशात मिळतो आणि त्याचा थेट संबंध महाराष्ट्राच्या विजेशी आहे. गुजरातमधील मुंद्रा येथे चार हजार मेगावॉटचा महाप्रकल्प उभारण्याची निविदा टाटा पॉवरने डिसेंबर २००६ मध्ये जिंकली. दर होता सरासरी सुमारे २ रुपये २६ पैसे प्रतियुनिट. गुजरात, महाराष्ट्र, पंजाब, हरियाणा आणि राजस्थान या पाच राज्यांनी ती वीज पंचवीस वर्षे घेण्याचे करार केले. महाराष्ट्राचा वाटा ७६० मेगावॉटचा. प्रकल्प सर्वस्वी आयात कोळशावर चालणार होता आणि त्या कोळशाच्या भावाची जोखीम सांभाळण्यासाठी कंपनीने २००७ मध्ये काल्टिम प्रिमा कोल आणि अरुत्मिन या इंडोनेशियातील दोन मोठ्या खाण कंपन्यांत प्रत्येकी ३० टक्के हिस्सा घेतला. किंमत ११० कोटी डॉलर. विकणारी कंपनी बुमी रिसोर्सेस. ती पुढेही या खाणींची प्रमुख भागीदार राहिली.

कागदावर गणित चोख होते. कोळसा महागला तर मुंद्र्याचा तोटा खाणीच्या नफ्यातून भरून निघेल. स्वस्त झाला तर खाणीची तूट वीज प्रकल्प भरून काढील. या गणितात धरली गेली नव्हती ती इंडोनेशियाच्या शासनाची इच्छा. सप्टेंबर २०१० मध्ये तेथील ऊर्जा मंत्रालयाने नियम काढला की, देशातील कोळसा शासनाने ठरवलेल्या आणि आंतरराष्ट्रीय बाजाराशी निगडित असलेल्या आधारभावाखाली विकता येणार नाही. आधी झालेले स्वस्त दराचे करारही वर्षभरात या नियमात बसवायचे होते. २०११ च्या आरंभी हा भाव टनाला १२० डॉलरच्या वर गेला. मुंद्र्याचा पहिला संच मार्च २०१२ मध्ये सुरू झाला. म्हणजे चूल पेटण्याआधीच सरपणाचा हिशेब कोलमडला होता.

कंपनीने वीज नियामक आयोगाकडे वाढीव दर मागितला. आयोगाने २०१३ मध्ये तत्त्वतः तो मान्य केला. प्रकरण अपिलात गेले आणि ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. इंडोनेशियाच्या कायद्यातील बदल हा करारातील 'कायद्यातील बदल' नव्हे, कारण करारात अभिप्रेत असलेला कायदा भारतीय आहे. आणि कोळसा महाग होणे ही दैवी आपत्तीही नव्हे. बोली लावताना इंधनखर्चाचा मोठा भाग कंपनीने स्वेच्छेने स्थिर धरला होता, त्याची जोखीमही तिचीच. ग्राहकांच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्यच म्हटला पाहिजे. तथापि न्यायालयाच्या निर्णयाने कोळसा स्वस्त होत नसतो.

या कथेचा खरा कळसाध्याय सप्टेंबर २०२१ मध्ये आला. जगभर कोळशाचे भाव भडकले आणि ठरलेल्या दराने वीज विकणे परवडेना, म्हणून मुंद्र्याचे संच बंद झाले व बराच काळ बंद राहिले. देशात त्याच सुमारास कोळसाटंचाई होती. अखेर ५ मे २०२२ रोजी केंद्राला वीज कायद्याच्या ११ व्या कलमाखाली आदेश काढून आयात कोळशावरील प्रकल्प चालवायला लावावे लागले. ज्या काळात मुंद्र्याची चूल विझली होती, त्याच काळात कालिमंतानच्या खाणी भरघोस नफा मिळवत होत्या. जगातील मोठ्या कोळसा निर्यातदारांपैकी एकामध्ये ३० टक्के मालकी, आणि स्वतःचा प्रकल्प मात्र कोळसा परवडत नाही म्हणून बंद! हिस्सा म्हणजे पुरवठा नव्हे, हे सांगण्यासाठी याहून दुसऱ्या पुराव्याची गरज उरू नये.

येथे एक आक्षेप रास्त ठरेल. खाणींच्या नफ्याने कंपनीचा ताळेबंद सावरला, तिचे भागधारक बुडाले नाहीत. मग गुंतवणूक फसली असे कसे म्हणता येईल? उत्तर असे की, व्यापारी गुंतवणूक म्हणून ती फसली नाहीच. प्रश्न हेतूचा आहे. खाणीचा नफा कंपनीच्या खात्यात जातो. विजेचा तुटवडा महाराष्ट्रातील आणि गुजरातमधील घरांत, शेतांत आणि कारखान्यांत जाणवतो. लाभांशाने ताळेबंद उजळतो, दिवा नव्हे. जी खरेदी राष्ट्राच्या ऊर्जासुरक्षेच्या नावाने सांगितली जाते, तिचे मोजमाप लाभांशाने करून भागणार नाही.

ज्याच्या हाती ससा तो पारधी

इंडोनेशियाने जे केले त्यात सातत्य आहे. काल्टिम प्रिमा कोल मूळची रिओ टिंटो आणि बीपी या दोन बलाढ्य कंपन्यांची. ५१ टक्के हिस्सा इंडोनेशियन हातांत देण्याच्या अटीवरून वर्षानुवर्षे ताणाताणी झाली आणि अखेर २००३ मध्ये दोघींनी ५० कोटी डॉलर घेऊन संपूर्ण खाण बुमीला विकली. २०१८ पासून खाणींना उत्पादनाचा चौथा भाग देशातील गरजेसाठी राखून ठेवावा लागतो आणि देशातील वीजकेंद्रांना तो टनाला ७० डॉलरच्या कमाल भावाने द्यावा लागतो. २०२० च्या जानेवारीत कच्च्या निकेल धातुकाची निर्यात बंद झाली. २०२२ च्या जानेवारीत देशातील वीजकेंद्रांचे साठे घटताच महिनाभरासाठी कोळशाची निर्यातच थांबवण्यात आली. जुने करार संपून नव्या परवान्यांवर आलेल्या खाणींसाठी त्याच वर्षी स्वामित्वधनाचे दर भावानुसार १४ ते २८ टक्के ठरले. भाव चढला की शासनाचा वाटा आपोआप चढतो. ३० टक्क्यांचा भागीदार यातील एकही गोष्ट थांबवू शकला नसता.

बहुसंख्य भागीदाराशी न पटल्यास काय होते, याचेही उदाहरण याच बुमी रिसोर्सेसचे आहे. २०१० मध्ये ब्रिटिश वित्तव्यावसायिक नॅथॅनिएल रॉथशिल्ड यांच्या पुढाकाराने लंडनच्या शेअर बाजारातील एका कंपनीने बुमीमधील हिस्सा घेतला. तो पुढे २९.२ टक्के झाला आणि कंपनीचेही नाव बुमी पीएलसी ठेवण्यात आले. सप्टेंबर २०१२ मध्ये तिला इंडोनेशियातील आर्थिक व्यवहारांची स्वतंत्र चौकशी जाहीर करावी लागली आणि तिचे समभाग कोसळले. दीड वर्ष भांडण चालले. २०१४ मध्ये हा हिस्सा ५०.१ कोटी डॉलरना मूळच्या बाक्री समूहालाच परत विकून कंपनीने सुटका करून घेतली. लंडनचा पैसा, युरोपातील मोठी घराणी, नामांकित वकील यांपैकी कशानेही २९ टक्क्यांचे ५१ टक्के होत नाहीत.

खाण आहे, वाट नाही

इंडोनेशियात अडचण सत्तेची होती. आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये ती वाटेची निघाली. तेथील टेटे प्रांतात पोलादाला लागणारा उत्तम कोळसा आहे. टाटा स्टीलने २००७ मध्ये रिव्हर्सडेल या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या तेथील प्रकल्पात ३५ टक्के हिस्सा सुमारे १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतला आणि त्या कंपनीचे समभागही खरेदी केले. २०११ मध्ये रिओ टिंटोने रिव्हर्सडेल सुमारे ३७० कोटी डॉलरना विकत घेतली. कोळसा झांबेझी नदीतून तराफ्यांवरून समुद्राकडे न्यायचा बेत होता. मोझांबिकच्या शासनाने त्याला परवानगी नाकारली. बैरा बंदराकडे जाणाऱ्या एकमेव रेल्वेमार्गाची क्षमता तोकडी होती. कोळसा जमिनीत होता, गिऱ्हाईक समुद्रापार होते आणि मधली वाट नव्हती. जानेवारी २०१३ मध्ये रिओ टिंटोने या खरेदीपैकी सुमारे ३०० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी टॉम अल्बानीज यांना पद सोडावे लागले. पुढच्याच वर्षी तो ६५ टक्के हिस्सा आणि टेटेमधील अन्य मालमत्ता भारताच्या सार्वजनिक उपक्रमांच्या संयुक्त कंपनीने, म्हणजे इंटरनॅशनल कोल व्हेंचर्सने, अवघ्या ५ कोटी डॉलरना घेतल्या.

या कथेत अल्पहिश्श्याविषयी एक बारकावा दडलेला आहे. टाटा स्टीलकडे एकाच कोळशाचे दोन अल्पहिस्से होते. एक शेअर बाजारात नोंदलेल्या रिव्हर्सडेल कंपनीचे समभाग, दुसरा प्रत्यक्ष खाणीतील ३५ टक्के वाटा. समभाग तिने २०११ मध्ये रिओ टिंटोला विकून एक अब्जाहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. खाणीतील वाटा मात्र तसाच राहिला. पुढे ६५ टक्क्यांना जो भाव आला, त्या हिशेबाने ३५ टक्क्यांची किंमत तीन कोटी डॉलरही भरत नाही. जो हिस्सा बाजारात मोडता येतो त्यातून सुटका आहे; जो मोडता येत नाही त्याला गिऱ्हाईक बहुधा एकच असते, बहुसंख्य भागीदार, आणि भावही तोच ठरवतो.

न्यायाचे दार किती उघडे?

अन्याय झालाच तर आंतरराष्ट्रीय न्यायालये आहेत, असे म्हटले जाते. बार्सिलोना ट्रॅक्शन ही कंपनी कॅनडात नोंदलेली, तिचा वीजव्यवसाय स्पेनमध्ये आणि भागधारक मुख्यतः बेल्जियन. त्यांच्या वतीने बेल्जियमने दाद मागितली, तेव्हा ५ फेब्रुवारी १९७० रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की, हानी कंपनीची झाली असेल तर गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार ती जेथे नोंदली आहे त्या देशाचा. भागधारकांच्या देशाचा नव्हे. हे उणे भरून काढण्यासाठीच पुढे दोन देशांमधील गुंतवणूक संरक्षण करार आले. भारताने २०१६-१७ मध्ये आपले बहुतेक जुने करार संपुष्टात आणले. परकीय कंपन्यांच्या दाव्यांपासून आपला बचाव व्हावा हा त्यामागील हेतू समजण्यासारखा होता. परंतु ती ढाल परदेशी जाणाऱ्या भारतीय भांडवलाचीही होती, याची जाणीव ठेवायला हवी.

आणि करार असला तरी तो सावधपणाची जागा घेत नाही. ओडिशातील इंडियन मेटल्स अँड फेरो अलॉइज या कंपनीने २०१० मध्ये इंडोनेशियातील एका कोळसा कंपनीचा ७० टक्के हिस्सा घेतला. नंतर दिसून आले की, त्याच क्षेत्रावर इतरांचेही परवाने आहेत. तिने भारत-इंडोनेशिया कराराखाली दावा लावला. मार्च २०१९ मध्ये लवादाने तो फेटाळला आणि इंडोनेशियाच्या खर्चापोटी सुमारे ३० लाख डॉलर कंपनीलाच द्यायला सांगितले. खरेदीपूर्वी पुरेशी चौकशी केली असती तर ही गुंतागुंत कळली असती, असा लवादाचा रोख होता. सत्तर टक्केवाल्याची ही अवस्था, तर तीस टक्केवाल्याने किती डोळसपणे पाऊल टाकावे!

कौटिल्याचा विचार

खाणींचे महत्त्व आपल्या परंपरेला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आकराध्यक्ष या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या खाणी चालवणे खर्चाचे आणि कष्टाचे आहे त्या राजाने वाट्याने किंवा ठराविक मोबदल्यावर दुसऱ्याला द्याव्यात, ज्या सोप्या आहेत त्या स्वतः चालवाव्यात, आणि तयार मालाचा व्यापार मात्र एकाच ठिकाणी आपल्या नियंत्रणात ठेवावा, असा त्याचा उपदेश आहे. म्हणजे वाटा परक्याला मिळू शकतो. विक्रीचा लगाम राजा सोडत नाही. जाकार्ताचे शासन आज तेच करीत आहे. या व्यवहारात आपण राजाच्या बाजूला नसून वाटेकऱ्याच्या बाजूला आहोत, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ चुका टळतील.

मग करावे काय? परदेशी खाणींकडे पाठ फिरवावी असे येथे सुचवायचे नाही. परंतु राष्ट्रीय हिताच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक खरेदीला काही कसोट्या लावल्या पाहिजेत. पहिली, हिश्श्याबरोबर माल उचलण्याचा निश्चित हक्क आहे काय, आणि निर्यात थांबली तर पर्यायी पुरवठ्याची व साठ्याची सोय आहे काय? दुसरी, उत्पादन, भाव, कंत्राटे आणि लाभांश यांबाबत आपल्या संमतीवाचून निर्णय होणार नाही अशी तरतूद आहे काय? तिसरी, बाहेर पडायचे झाल्यास हिस्सा कोण आणि कोणत्या सूत्राने घेणार, हे आधीच ठरले आहे काय? चौथी, खाणीपासून बंदरापर्यंतची वाट कोणाच्या ताब्यात आहे? पाचवी, त्या देशाशी गुंतवणूक संरक्षणाचा करार पैसा जाण्याआधी झाला आहे काय? आणि सहावी, परक्या देशाच्या कायद्याची जोखीम देशातील कोणत्या करारात, कोणाच्या माथी टाकली आहे? मुंद्र्यात हा शेवटचा प्रश्न दहा वर्षांनी न्यायालयात सुटला. तो निविदेतच सुटायला हवा होता.

यातील काही शहाणपण आपल्या व्यवहारात उतरू लागल्याची चिन्हेही आहेत. नाल्को, हिंदुस्तान कॉपर आणि मिनरल एक्स्प्लोरेशन या सार्वजनिक कंपन्यांनी २०१९ मध्ये स्थापन केलेल्या खनिज बिदेश इंडिया लिमिटेडने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कॅटामार्का प्रांतातील शासकीय कंपनीशी करार करून लिथियमची पाच क्षेत्रे, एकूण १५,७०३ हेक्टर, शोधासाठी मिळवली. प्रकल्पाचा खर्च सुमारे २०० कोटी रुपये. येथे तयार खाणीतील वाटा चढ्या भावाने घेतलेला नाही. शोधाचे काम आपल्या हाती घेतले आहे. लिथियम किती निघेल हे काळ ठरवील, परंतु लगाम कोणाच्या हाती असावा याचा विचार येथे दिसतो.

शेवटी, खनिज मिळाले तरी ते शुद्ध करण्याची विद्या घरी नसेल तर परावलंबन सुटत नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही विरल मृदा धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभरच्या वाहन कारखान्यांची धावपळ उडाली. चीनचे बळ जेवढे खाणींत होते, त्याहून अधिक शुद्धीकरणाच्या कारखान्यांत होते. आपल्या भूगर्भाचा शोध, आपल्या प्रयोगशाळा आणि आपले शुद्धीकरण कारखाने यांवर खर्च केलेला रुपया कोणत्याही परक्या शासनाच्या फर्मानाने गोठत नाही. परदेशातील हिस्सा त्याला पूरक म्हणून जरूर घ्यावा. मात्र पुढच्या वेळी भारताला खाण मिळाल्याची बातमी वाचनात येईल, तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी प्रत्येक सुजाण नागरिकाने आणि त्याने निवडून दिलेल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने एवढे अवश्य विचारावे : किती टक्के, कोणत्या अधिकारांसह, आणि लगाम कोणाच्या हाती?